वऱ्हाडातील मासेमारी नाव, तिची नाळ आणि विद्युत मोटर : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासाचे लेखन प्रामुख्याने कापूस, रेल्वे, सावकारी आणि दुष्काळ या विषयांभोवती झालेले आहे. नदी, धरण आणि त्यांवर उपजीविका करणारा मच्छीमार यांना या लेखनात फारसे स्थान मिळालेले नाही. कोरडवाहू शेतीचा प्रदेश ही वऱ्हाडची ओळख इतकी पक्की आहे की, येथील नाव हा इतिहासाचा विषय होऊ शकतो, ही कल्पनाच प्रथमदर्शनी विचित्र वाटते. तथापि गेल्या पन्नास वर्षांत अमरावती व अकोला जिल्ह्यांत धरणांमुळे विस्तीर्ण जलाशय निर्माण झाले. त्या पाण्यावर मासेमारी सुरू झाली आणि त्याबरोबरच नावेला यंत्राची जोड कशी द्यावी, हा प्रश्नही उपस्थित झाला.

प्रस्तुत लेखात या व्यापक प्रश्नाचा एक मर्यादित भाग विचारात घेतला आहे. लहान मासेमारी नावेच्या पुढील टोकावर बसविली जाणारी विद्युत मोटर जगभर ‘ट्रोलिंग मोटर’ या नावाने ओळखली जाते. ट्रोलिंग आणि ट्रॉलिंग या दोन शब्दांत मराठीत नेहमी गल्लत होते. ट्रोलिंग म्हणजे संथ चालणाऱ्या नावेमागे गळ ओढत नेणे. ट्रॉलिंग म्हणजे मोठ्या यांत्रिक नौकेने तळाशी जाळे ओढणे. पहिल्या पद्धतीसाठी निर्माण झालेली मोटर पुढे जाळे टाकणाऱ्या आणि गळ न वापरणाऱ्या मच्छीमारांनाही उपयुक्त ठरली, कारण ती नावेला हळू, निःशब्द आणि नेमकी चालविते. नावेच्या पुढील टोकास किनाऱ्यावरील मराठीत ‘नाळ’ असे म्हणतात. ही नाळ यंत्राचा भार पेलण्यास कशी समर्थ करावी लागते आणि असे बळकटीकरण कोकण किनाऱ्यावर जसे रुजले तसे वऱ्हाडात का रुजू शकले नाही, याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू होय.

नद्यांचा प्रदेश, परंतु नावेचा नव्हे

वऱ्हाडच्या मध्यभागातून पूर्णा नदी पश्चिमेकडे वाहत जाऊन तापीस मिळते, तर पूर्व सीमेवरून वर्धा नदी दक्षिणेकडे वाहते. पेढी, चंद्रभागा, शहानूर, काटेपूर्णा, मोर्णा, निर्गुणा या पूर्णेच्या खोऱ्यातील नद्या आहेत. यांपैकी बहुतेक नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात आणि उन्हाळ्यात डोहांपुरत्या उरतात. पूर्णेचा काठ खोल गाळाचा व उभ्या दरडींचा आहे. परिणामी येथे नावेचे काम प्रायः पावसाळ्यातील उतारूंना पैलतीरी पोहोचविणे एवढेच राहिले. उरलेल्या काळात नदी पायउताराने ओलांडता येत असे. जेथे नाव वर्षातून तीन-चार महिनेच पाण्यात असते, तेथे नाव बांधणारा स्वतंत्र कारागीरवर्ग उभा राहत नाही, हे स्वाभाविक आहे.

मासेमारी, नाव चालविणे, पालखी वाहणे, पाणी भरणे आणि उन्हाळ्यात नदीच्या वाळूत टरबूज-काकडीच्या वाड्या करणे ही भोई समाजाची पारंपरिक कामे होती. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ मधील मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात धीमर, भोई व कहार या समूहांची नोंद अशाच बहुविध व्यवसायांसह आलेली आहे. मासेमारी हा या समाजाच्या उपजीविकेचा एक धागा होता. तो एकमेव धागा नव्हता. फेकजाळे, गळ आणि उथळ पाण्यात बांध घालून मासे धरणे या पद्धतींना नावेची फारशी गरजही नव्हती.

येथे पूर्व विदर्भाशी तुलना उद्बोधक ठरते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या भागांत मालगुजारी पद्धतीच्या काळात बांधले गेलेले हजारो तलाव आहेत. आज ते माजी मालगुजारी, म्हणजेच ‘मामा’ तलाव म्हणून ओळखले जातात. बारमाही वा दीर्घकाळ टिकणाऱ्या त्या पाण्यावर ढिवर समाजाची मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. वऱ्हाडात मात्र जमीनमहसुलाची व्यवस्था मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी होती. तेथे मालगुजार नव्हता आणि तलावांची तशी साखळीही नव्हती. सारांश, वऱ्हाडच्या मच्छीमाराजवळ माशाचे आणि डोहाचे ज्ञान होते, परंतु मोठ्या व खुल्या पाण्यावर टिकणाऱ्या नावेची परंपरा नव्हती.

किनाऱ्यावरील अनुभव

नावेला यंत्र बसविण्याचा महाराष्ट्रातील मुख्य अनुभव हा कोकण किनाऱ्याचा आहे. तेथेही प्रारंभीचा मार्ग वेगळा होता. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारने ‘विल्यम कॅरिक’ या वाफेवर चालणाऱ्या ट्रॉलरद्वारे मुंबईलगतच्या समुद्राची पाहणी केली. बाहेरून संपूर्ण नवी नौका आणण्याचा हा प्रयोग होता. स्थानिक मच्छीमाराच्या व्यवसायात त्यातून लगेच बदल घडला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर दिशा बदलली. नवी नौका आणण्याऐवजी असलेल्या नावेतच डिझेल इंजीन बसविण्याचे धोरण मुंबई राज्याने स्वीकारले आणि पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (१९५१-५६) यांत्रिकीकरणास गती मिळाली. सातपाटी, वर्सोवा यांसारख्या बंदरांतील नावा या कामी सोयीच्या ठरल्या. त्यांचा सांगाडा मुळातच भक्कम, तळाचा कणा सरळ आणि आत जागा पुरेशी होती. याच काळात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे नॉर्वेजियन नौकारचनाकार पॉल झीनर हे भारतीय मासेमारी नौकांच्या सुधारणेसाठी देशात आले. १९५३ मध्ये याच संघटनेने पॅरिस व मायामी येथे मासेमारी नौकांवर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरविली. १९५७ मध्ये कोचीन येथे केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली.

इंजीन बसवायचे म्हणजे केवळ एक वस्तू नावेत ठेवायची, असे नव्हते. इंजिनाखाली लांब तुळया टाकून त्यांची बैठक तयार करावी लागे, जेणेकरून हादरे एका फळीवर न येता अनेक फासळ्यांवर विभागले जातील. पंख्याचा दांडा बाहेर काढण्यासाठी मागील खांबाला भोक पाडावे लागे. भोकामुळे दुबळा झालेला खांब दोन्ही बाजूंनी लाकडे जोडून पुन्हा बळकट करावा लागे. सुकाणूची जागा बदलावी लागे. हे सर्व काम स्थानिक सुतारांच्या हातून झाले. यंत्र परदेशी असले तरी त्याला सामावून घेणारी कारागिरी गावचीच होती.

नावेच्या पुढील टोकावर जड भार पेलण्याची रीतही या किनाऱ्याला अपरिचित नव्हती. अठराव्या शतकात आंग्र्यांच्या आरमारातील गुराबांचे वर्णन इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने केले आहे. त्यानुसार या गुराबांना पुढे निमुळते व बाहेर आलेले नाकाड असे आणि त्यावर मजबूत तक्तपोशी असे. नाकाडामागील आडव्या भिंतीतील झरोक्यांतून नऊ वा बारा पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा समोर रोखलेल्या असत. तोफेचा धक्का मागे बसतो आणि मोटरीची ओढ पुढे असते, हा भेद खरा. तरीही टोकावरचा भार टोकाच्या फळीवर न ठेवता तक्तपोशी, आडवी भिंत व मुख्य सांगाडा यांच्याकडे पोहोचवायचा, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

सदर अनुभव वऱ्हाडापर्यंत का पोहोचला नाही, याचे एक उत्तर प्रशासकीय इतिहासात सापडते. १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला वऱ्हाड १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडण्यात आला, स्वातंत्र्यानंतर तो मध्य प्रदेशात राहिला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आला. म्हणजेच मुंबई राज्याने किनाऱ्यावर यांत्रिकीकरणाचा पाया घातला त्या दशकात वऱ्हाड त्या राज्याचा भागच नव्हता. ज्या राज्यात तो होता त्याला समुद्रकिनारा नव्हता. पुढे एका राज्यात आल्यानंतरही यांत्रिक नौका म्हणजे समुद्रातील नौका, हे समीकरण कायम राहिले.

धरणांचे पाणी

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर वऱ्हाडात पाटबंधारे प्रकल्पांची मालिका उभी राहिली. अकोला जिल्ह्यात बार्शीटाकळी तालुक्यातील महान येथे काटेपूर्णा नदीवर धरण झाले. त्याचा उपयुक्त साठा ८६.३५ दशलक्ष घनमीटर आहे. तेल्हारा तालुक्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी वान नदी अडविण्यात आली; तेथील उपयुक्त साठा ८१.९५ दशलक्ष घनमीटर आहे. अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यातील सिंभोरा येथे ऊर्ध्व वर्धा प्रकल्प साकारला. तेरा दरवाजांच्या या धरणाचा उपयुक्त साठा ५६४.०५ दशलक्ष घनमीटर असून शहानूर (४६.०४), चंद्रभागा व सपन हे मध्यम प्रकल्प त्यापुढे लहान भासतात.

जलाशयांबरोबर मासळीचे स्वरूपही बदलले. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशात कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. त्यामुळे कटला, रोहू व मृगल यांचे बीज मोठ्या प्रमाणावर तयार करून ते जलाशयांत सोडणे शक्य झाले. नदीच्या डोहातील लहान मासळीऐवजी खोल पाण्यात वाढणारा, काही किलो वजनाचा मासा हे आता मच्छीमाराचे लक्ष्य बनले. त्यासाठी काठापासून दूर जाऊन संध्याकाळी जाळी लावणे आणि पहाटे ती उचलणे क्रमप्राप्त झाले.

यासाठी लागणारी नाव मात्र तयार नव्हती. पत्र्याचा वा लाकडी डोंगा, सपाट तळाची लहान नाव, थर्माकोलचा तराफा, अलीकडे फायबरची हलकी नाव अशी मिळेल ती साधने वापरात आली. परतवाडा ही मेळघाटच्या सागवानाची परिचित बाजारपेठ जवळ असूनही त्या लाकडाची नाव बांधणारी परंपरा येथे नव्हती. सपाट तळाची नाव उथळ पाण्यात सोयीची असते, परंतु विस्तीर्ण जलाशयावर वारा सुटला की ती आडवी वाहू लागते. वल्हे मारणारा एकच माणूस असेल तर जाळे उचलायचे की नाव सांभाळायची, हा पेच पडतो.

पाण्यावरील नावेचा प्रश्न येथे जिवाशी निगडित आहे, याची जाणीव १४ सप्टेंबर २०२१ रोजी तीव्रतेने झाली. वरूड तालुक्यातील झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जणांचा मृत्यू झाला. या दुर्घटनेचा मोटरीशी संबंध जोडण्याचे कारण नाही. मात्र नावेची क्षमता, तिचा तोल आणि तिच्यावरील भार यांचा विचार किती आवश्यक आहे, हे या घटनेने दाखवून दिले. नावेत कोणतीही नवी वस्तू बसविताना हाच विचार प्रथम करावा लागतो.

विद्युत मोटरीचा उगम व प्रसार

विजेवर नाव चालविण्याचे प्रयत्न खनिज तेलाच्या इंजिनापेक्षाही जुने आहेत. मॉरिट्झ याकोबी याने १८३० च्या दशकाच्या अखेरीस सेंट पीटर्सबर्ग येथे नेव्हा नदीत विजेवरील नाव चालवून दाखविली. १८८१ मध्ये गुस्ताव्ह त्रुव्हे याने पॅरिसमध्ये सीन नदीवर, नावेबाहेर टांगता व काढता येणाऱ्या विद्युत मोटरीचा प्रयोग केला. मासेमारीसाठीच्या लहान विद्युत मोटरीचा व्यापारी इतिहास १९३४ पासून सुरू होतो. त्या वर्षी अमेरिकेतील फार्गो येथे ओ. जी. श्मिट याने तयार केलेली मोटर ‘मिन कोटा’ या नावाने पुढे आली. मिनेसोटा व नॉर्थ डकोटा या शेजारी राज्यांच्या नावांवरून हे नाव पडले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील सरोवरांवर ही मोटर नावेच्या मागील बाजूऐवजी नाळेवर बसविण्याची रीत रूढ झाली.

या स्थलांतरामागील कारण वऱ्हाडच्या वाचकास बंडीच्या उदाहरणाने सहज उमगेल. बैल पुढे असतात म्हणून बंडी त्यांच्या मागे सरळ येते. तीच बंडी मागून ढकलली तर तिचे तोंड भलतीकडे वळते. नाळेवरील मोटर नावेला ओढते आणि वाऱ्यातही तिचे तोंड हव्या त्या दिशेला राखते. परंतु ओढ पुढून असली की सर्व ताण धुऱ्यावर येतो, आणि म्हणूनच बंडीचा धुरा भक्कम लाकडाचा असतो. नावेच्या बाबतीत हा धुरा म्हणजे तिची नाळ होय.

वऱ्हाडच्या दृष्टीने विद्युत मोटरीचे आणखी एक महत्त्व आहे. काटेपूर्णा जलाशयातून अकोला शहरास व ऊर्ध्व वर्धातून अमरावती शहरास पिण्याचे पाणी मिळते. अशा पाण्यात तेल सांडणाऱ्या इंजिनापेक्षा विद्युत मोटर निश्चितच श्रेयस्कर ठरते.

नाळेवरील भार आणि बळकटीकरण

मोटरीचा भार तीन प्रकारचा असतो. पहिला तिच्या वजनाचा. नाळेवर बसणारी मध्यम मोटर पंधरा-वीस किलोची असते, आणि शंभर अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी आणखी पंचवीस-तीस किलोची. दोन्ही पुढेच ठेवल्यास लहान नावेचे तोंड पाण्यात दबते आणि लाट आत येते. म्हणून बॅटरी मध्याच्या मागे ठेवणे इष्ट असते.

दुसरा भार ओढीचा. सुमारे २५ किलो ओढीच्या मोटरीचा पंखा बैठकीच्या ८० सेंटिमीटर खाली असेल, तर तरफेच्या नियमानुसार बैठकीवर २० किलो-मीटर इतके आघूर्ण येते. बैठकीचे पुढचे व मागचे बोल्ट २५ सेंटिमीटर अंतरावर असतील, तर त्यांना सुमारे ८० किलोंची उपसून काढणारी ओढ सहन करावी लागते. पंचवीस किलोंची मोटर ऐंशी किलोंचा ताण देते, ही गोष्ट नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तिसरा भार आघाताचा. जलाशयाच्या तळाशी बुडालेले बुंधे व खडक असतात. त्यांवर दांडा आदळला की क्षणभर याच्या कितीतरी पट ताण येतो.

पातळ फायबरच्या पृष्ठावर साध्या स्क्रूने बसविलेली मोटर प्रथम सैल होते, नंतर भोकांभोवती भेगा पडतात आणि शेवटी पाणी झिरपू लागते. बळकटीकरणाचा उपाय त्या मानाने साधा आहे. बैठकीच्या खाली, पृष्ठाच्या आतील बाजूस, बैठकीपेक्षा मोठी मरीन प्लायवूडची वा धातूची पट्टी बसवावी. स्क्रूऐवजी आरपार बोल्ट आणि रुंद वायसर वापरावेत. भोके राळेने बंद करून प्लायवूडला पाणी लागू देऊ नये. आणि ही पट्टी दोन्ही कडांना जोडणाऱ्या आडव्या तुळईला बांधावी. लाकडी नावेत दोन्ही बाजूंच्या फळ्या नाळेपाशी जेथे मिळतात, तेथे आतून कोनी लाकूड बसवून हेच साधता येते. पत्र्याच्या नावेत लोखंडी अँगल आडवा जोडून ताण दोन्ही कडांवर वाटता येतो. दांडा आदळल्यास मागे वळणारी बैठक असावी, म्हणजे आघात नाळेपर्यंत पोहोचत नाही.

किनाऱ्यावर इंजिनाखाली तुळया टाकणाऱ्या सुताराने जे केले, तेच येथे लहान प्रमाणावर करावयाचे आहे. आणि हे तत्त्व वऱ्हाडलाही नवीन नाही. मोट जाऊन विहिरीवर ऑइल इंजीन आले, तेव्हा शेतकऱ्याने आधी त्यासाठी दगड-सिमेंटची बैठक बांधली आणि मगच इंजीन चालविले. विहिरीकाठी जी दक्षता सहज घेतली गेली, ती नावेवर घेतली जात नसेल, तर त्याचे कारण अज्ञान नव्हे. नावेची कारागिरी शिकविणारी परंपरा वा संस्था येथे निर्माण झाली नाही, हे होय.

धोरणात्मक संदर्भ

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना नाव व जाळी यांसाठी साहाय्याची तरतूद करण्यात आली. १९१७ चा, मुळात वाफेच्या नौकांसाठी झालेला अंतर्देशीय जलयान कायदा जाऊन २०२१ मध्ये नवा कायदा संमत झाला. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मत्स्यव्यवसायास कृषीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु साहाय्याची गणना नगांत होते: एक नाव, एक जाळे, एक मोटर. नाव व मोटर यांना जोडणारी बैठक कोणत्याही नगात मोजली जात नाही, आणि नेमकी तीच जागा प्रथम निकामी होते. किनाऱ्यावरील यांत्रिकीकरण यशस्वी होण्यात कर्ज व इंजीन यांइतकाच गावच्या सुताराचा वाटा होता, ही बाब अनुदानाच्या हिशेबातून निसटली आहे.

निष्कर्ष

१. वऱ्हाडात नावेची कारागिरी विकसित न होण्यामागे हंगामी नद्या, मालगुजारी तलावांचा अभाव आणि मुंबई राज्यात उशिरा झालेला समावेश ही ऐतिहासिक कारणे आहेत. त्याचा दोष मच्छीमाराच्या उदासीनतेवर ठेवता येत नाही.

२. कोकणातील यांत्रिकीकरणात यंत्र स्वीकारण्यापूर्वी नावेचा सांगाडा बदलण्यात आला. यंत्र आणि नाव यांचा विचार तेथे एकत्र झाला.

३. धरणांनी वऱ्हाडच्या मच्छीमारास समुद्रासारखे खुले पाणी दिले, परंतु त्या पाण्यास साजेशी नाव दिली नाही. नाळेवरील मोटरीचा प्रश्न हा याच विसंगतीचा लहान परंतु बोलका नमुना आहे.

४. अमरावती व अकोला येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्था, अभियांत्रिकी महाविद्यालये आणि मच्छीमार सहकारी संस्था यांनी एकत्र येऊन जलाशयीन नावेची बैठक, तोल व भारक्षमता यांचे साधे प्रमाण ठरविल्यास, किनाऱ्यावर सुताराने बजावलेली भूमिका येथे संस्थात्मक स्वरूपात पार पाडता येईल.

यंत्र बाजारातून एका दिवसात आणता येते. त्याचा भार पेलणारी नाव मात्र घडवावी लागते. वऱ्हाडच्या जलाशयांवरील मच्छीमाराच्या वाट्याला आजवर यंत्राचे आश्वासन अधिक आणि ही घडण कमी आली आहे. प्रादेशिक इतिहासाने या अभावाची नोंद घेतली, तर पुढील नियोजनास त्याचा निश्चितच उपयोग होईल.